घशाखाली न उतरणारा पाव

कमलिनीबाईंच्या किचनमधून गेलेलं ताट बावीस वर्षांत कधी भरलेलं परत आलं नव्हतं. ही जाहिरात नव्हे, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात कुणालाही विचारा. बाई मूळच्या पाथर्डीकडच्या, लग्न होऊन ठाण्यात आल्या आणि अंबादासरावांच्या नोकरीपायी ठाण्याहून इकडे. अंबादासराव गेले त्याला आठ वर्षं झाली. बाई दोन महिने रडल्या, मग उठल्या आणि त्यांनी दुसरी भट्टी घेतली. मुलगा यतीन बाहेर फिरून ऑर्डरी आणायचा, सून सुरुची फोन आणि कागदपत्रं बघायची, भट्टीवर लखनौकडचा खैरुद्दीन होता, आणि चवीचं खातं बाईंचं. त्यात कुणी नाक खुपसायचं नाही.

त्यांचा एक नेम होता. पहिला घास देव्हाऱ्यापुढे, मग डबे व्हॅनमध्ये, आणि नैवेद्याआधी चाखायचं नाही म्हणजे नाही. "हाताला कळत नसेल तर जिभेला विचारून काय उपयोग," असं त्या म्हणायच्या, आणि बरोबर म्हणायच्या, कारण मीठ कधी कमी-जास्त झालं नाही.

अशा बाईकडे एके दिवशी सकाळी अजरा नावाची गोरीपान, बेचाळिशीची बाई आली आणि म्हणाली, "मला वाईट पाव करून हवा आहे."

सुरुचीला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं. तिने पुन्हा विचारलं. अजराने पुन्हा तेच सांगितलं. ती बोस्नियाची, सारायेव्हो शहरातली. दुबई मरीनात एका सांस्कृतिक केंद्रात नोकरीला होती आणि नोव्हेंबरात पहिल्या महायुद्धावर एक प्रदर्शन भरवत होती. तोफा, टोप्या, राजेरजवाडे यांचं नव्हे, घरात मागे राहिलेल्या माणसांचं. शेवटच्या संध्याकाळी साठ पाहुण्यांना १९१७ सालचं जेवण वाढायचं होतं: सलगमचं पाणीदार सूप, भाजलेल्या जवांची कॉफी आणि पावाचा एक काप. सूप आणि कॉफी कुणीही केली असती. पावापाशी घोडं अडलं होतं. एका हॉटेलने त्यात रोझमेरी घातली, दुसऱ्याने अक्रोड. तिसऱ्या हॉटेलचा शेफ म्हणाला, असल्या पावाला मी माझं नाव लावणार नाही.

"आमच्या गावाचं नाव काढलं की सगळ्यांना तो एक कोपरा आठवतो," अजरा म्हणाली. "राजपुत्राला गोळ्या घातल्या आणि युद्ध पेटलं तो. लोक तिथे उभं राहून फोटो काढतात. त्या कोपऱ्यापासून दोन गल्ल्यांवर माझी पणजी राहायची. पुढची चार वर्षं ती काय खात होती, हे मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही."

तिने कागद पुढे केला. ओट्सचा कोंडा, मक्याचं भरड पीठ, बटाट्याची सालं, चिमूटभर राय नावाच्या धान्याचं पीठ. लाकडाचा भुसाही लिहिला होता आणि मग खोडला होता, कारण म्युनिसिपालिटीचा तपासनीस भुसा चालवून घेणार नाही. अजराचं इंग्रजी सावकाश होतं, बाईंचं त्याहून सावकाश, त्यामुळे दोघींचं छान जमलं. बाई म्हणाल्या, होऊन जाईल.

आता गंमत बघा. बाईंनी कागदावरचं सगळं तंतोतंत घेतलं. सालं स्वच्छ धुतली, वाळवली, दळली. पीठ मळताना ते इतकं कोरडं लागलं की हात आपोआप तुपाच्या डब्याकडे गेला. एवढा कोंडा खाऊन लोकांचं पोट दुखेल म्हणून ओवा पडला. मीठ तर पडणारच. गुळाचा एक खडा कसा पडला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अजराने काप तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि तिचा चेहरा पडला.

"फार छान झालाय," ती म्हणाली. "उपयोग नाही."

बावीस वर्षांत बाईंच्या पदार्थाला कुणी असं म्हटलं नव्हतं. त्या चिडल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी तुपाचा डबा, गूळ, ओवा सगळं कपाटात टाकलं आणि किल्ली कमरेला लावली. तरी पाव बाहेर आला तो मऊ आणि गोडसर. चौकशी झाली तेव्हा खैरुद्दीनने कबूल केलं की त्याने मिल्क पावडर आणि साखर घातली. "अम्मा, मेहमानों को ऐसी चीज़ खिलाएँगे? अल्लाह को क्या मुँह दिखाएँगे?" यावर बाईंना रागावताही येईना, कारण त्याला हे शिकवलं कुणी, तर त्यांनीच.

त्या दिवशी अजरा कापाला हात न लावता स्टुलावर बसली. तिचे डायरेक्टर म्हणत होते, पावाचं खूळ सोड, हॉटेलवाल्याकडून छोटे छोटे चविष्ट पदार्थ मागव, लोक खूश होतील. कार्यक्रम गुरुवारी होता आणि आज सोमवार.

"पणजी सात वर्षांची होती," अजरा म्हणाली. "सरकारने शेतातलं धान्य फौजेसाठी उचललं. वर पाऊस नाही. मग शहरातली मुलं आगगाडीत बसवून दुसऱ्या मुलखात पाठवायला लागले, जिथे थोडंफार खायला होतं तिकडे. पणजीच्या आईने तिच्या खिशात या पावाचा तुकडा घातला. पणजीने तो दोन दिवस खाल्ला नाही. घरी धाकट्या भावाला लागेल म्हणून ती तो परत नेणार होती. दोन वर्षांनी ती परत गेली तेव्हा भाऊ नव्हता. मी आठ वर्षांची होईपर्यंत पणजी होती. लग्नाच्या जेवणातसुद्धा ती पाव खाताना हनुवटीखाली तळहात धरायची, चुरा सांडू नये म्हणून. आम्ही पोरं हसायचो तिला."

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी सुरुचीला सांगितलं, मी बोलते ते हिला नीट सांग, आणि मराठीतच सुरुवात केली.

"बहात्तरच्या दुष्काळात मीही सात वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापतानाच फुटायची. वास यायचा. घशात अडकायची. एकदा माझ्या भावाने ती भाकरी अंगणात फेकली. आईने त्याला मारलं. आयुष्यात तेवढं एकदाच मारलं. मग तिने मातीतली भाकरी उचलली, फुंकर मारली आणि आमच्यासमोर बसून स्वतः खाल्ली. ती खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हाच मी ठरवलं की माझ्या हातून कुणाला वाईट अन्न जाणार नाही. म्हणून हा पाव मला जमत नाहीये. हे माझ्या यतीनलाही ठाऊक नाही, तेव्हा तुमच्या दोघींत ठेवा."

सुरुचीने कसंबसं इंग्रजीत सांगितलं. घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि सासूबाई कधी भुकेल्या असतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवा," बाई अजराला म्हणाल्या. "तुमचा पाव मीच करणार."

बुधवारी त्यांनी खैरुद्दीनला सुट्टी दिली, हाताने पीठ मळलं आणि एकटीनेच भट्टी लावली. हात चार वेळा मिठाकडे गेला, चार वेळा त्यांनी तो मागे घेतला. पाव निघाला तो काळपट, विटेइतका जड आणि वरून तडकलेला. हाताला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तेव्हा बाईंनी नेम मोडला आणि नैवेद्याआधी तुकडा तोंडात टाकला. कोंडा टाळ्याला चिकटला, सालांची मातकट चव जिभेवर आली, घास गालात फिरत राहिला आणि खाली जाईना. बाईंना भडभडून आलं. त्या ओट्यापाशीच खाली बसल्या आणि पोटभर रडल्या. मग तोंड धुतलं आणि त्याच पावाचा काप देव्हाऱ्यापुढे ठेवला. "आज हेच आहे," त्या देवाला म्हणाल्या. "तेव्हाही हेच होतं, तुला ठाऊक असेलच."

संध्याकाळी यतीन अबुधाबीहून आला तो उड्या मारत. नोमानसाहेबांना त्याने गुरुवारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं होतं आणि ते येतो म्हणाले होते. नोमान म्हणजे अबुधाबीतल्या एका बड्या कंपनीचा माणूस, दोन हजार कामगारांच्या कॅन्टीनचं काम कुणाला द्यायचं ते तो ठरवणार. यतीन वर्षभर त्याच्या मागे होता. मरीनात युरोपियन डिनर आहे, साहेबलोक येणार, टेबलावर आपल्या नावाचं कार्ड असणार, एवढंच त्याने फोनवर ऐकलं होतं. पदार्थ काय आहे, हे विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. आईच्या हातचं आहे म्हटल्यावर कोण विचारतं?

सुरुचीने त्याला पावाचा काप दिला. यतीनने चावला आणि सिंककडे धावला.

"आई, हे काय आहे?"

"उद्याचा पाव."

"हा नोमानला वाढायचा? आई, तो पहिल्यांदा आपलं खाणार. वर्षभर मी त्याच्या ऑफिसबाहेर ताटकळलोय. निदान कार्डावरून आपलं नाव तरी काढ."

"नाव राहील."

"अगं पण का? लोक म्हणतील, कमलिनी किचनला साधा पाव येत नाही."

"म्हणू देत. मी केलंय आणि मी नाव लपवू? चोरी केलीय का मी?"

"तू हट्टीपणा करतेयस," यतीन म्हणाला.

"करतेय," बाई म्हणाल्या.

यतीन पाय आपटत बाहेर गेला. आईपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं, पण खैरुद्दीनपुढे चालायचं.

गुरुवारी सात वाजता पाहुणे बसले. दहा टेबलं, प्रत्येकावर सहा माणसं, काचेच्या भिंतीबाहेर मरीनाचे दिवे आणि बोटी. ताटलीत एक एक काप, शेजारी वाडग्यात सूप, आणि मधोमध कार्ड: कमलिनी किचन, उम्म अल कुवैन. बाई एप्रन बांधून वाढपाच्या दाराशी उभ्या होत्या. स्वतःचं अन्न लोक कसं खातात हे बघायची त्यांची जुनी सवय. आज बघवत नव्हतं. लोक पहिला घास घेत आणि चावताना थांबत. बोलणी बंद पडली. एका बाईने टिश्यू तोंडाला लावला, एका म्हाताऱ्याने काप खाली ठेवला आणि नुसता त्याच्याकडे बघत बसला. अजरा कोपऱ्यातून पाहत होती आणि तिने बाईंकडे बघून हलकेच मान हलवली. जमलं होतं.

फक्त चौथ्या टेबलावर गप्पा रंगल्या होत्या. तिथे नोमान होता, त्याच्या शेजारी अजराचे डायरेक्टर आणि मागे हात बांधून यतीन. टेबलाच्या मध्ये एक टोपली होती, जी दुसऱ्या कुठल्याच टेबलावर नव्हती.

"अरे, ये तो मज़ेदार है," नोमान मोठ्याने म्हणाला. "हम समझे थे बेचारे भूखे मर रहे थे. ऐसी ब्रेड मिले तो मैं रोज़ जंग में रहूँ." डायरेक्टरही हसले आणि म्हणाले की गोष्टी सांगणारे नेहमी वाढवूनच सांगतात.

बाईंना ओव्याचा वास दारापर्यंत आला. आपला पहिला पाव त्यांनी ओळखला. तूप, गूळ, सगळं. खैरुद्दीनने दुपारी भट्टी का लावली होती तेही लख्ख कळलं. राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. लेकाने फसवलं याची थोडी. मातीत पडलेली भाकरी फुंकून खाणाऱ्या आपल्या आईला कुणीतरी समोर बसून खोटी ठरवतंय आणि ते आपल्याच हातच्या पावाच्या जोरावर, याची फार.

त्यांनी ट्रेमधून खरा पाव उचलला आणि एप्रनसकट हॉलमध्ये शिरल्या. साठ माणसं बघत होती. बाईंना इंग्रजी धड येत नव्हतं, असल्या हॉलमध्ये त्या कधी पुढच्या दाराने आल्याही नव्हत्या. त्या सरळ चौथ्या टेबलापाशी गेल्या, टोपली उचलून यतीनच्या हातात दिली, नोमानच्या ताटलीतला अर्धा खाल्लेला कापही काढला आणि त्या जागी काळा काप ठेवला.

"आई," यतीन दातांतून म्हणाला. "प्लीज. वर्ष गेलंय माझं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "खाइए साहब," त्या नोमानला म्हणाल्या. "आपके लिए यही था."

नोमान माणूस वाईट नव्हता. त्याने घास घेतला, दोनदा चावला आणि टिश्यूत काढला. पाणी प्यायला. मग हसून, हळू आवाजात बोलला.

"आंटीजी, ये तो किसी की ग़लती लगती है. आप बोल दो बेकर की ग़लती थी, बात खलास. पहलेवाली मुझे पसंद आई. सोमवार को काग़ज़ भेज देता हूँ."

यतीनने आईकडे पाहिलं. एवढं एक वाक्य. खैरुद्दीन इथे नव्हताच, त्याच्या नावावर घातलं तर कुणाचं काय बिघडत होतं?

"ग़लती पहलेवाली थी," कमलिनीबाई म्हणाल्या. "ये सही है. ये मैंने बनाया है, जान-बूझ के बनाया है, और कार्ड पे मेरा ही नाम है."

नोमानने कार्डाकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि उठला. "इन्शाल्ला, फिर मिलेंगे," तो म्हणाला. हे कुठल्या सुरात म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, ते या देशात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. यतीन त्याला दारापर्यंत सोडायला गेला आणि एकटाच परत आला.

अजरा माइक घेऊन टेबलापाशी आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने बाईंना विचारलं, "तुमचंही सांगू?"

बाईंनी यतीनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सांग."

अजराने आधी पणजीचं सांगितलं. सात वर्षांची मुलगी, आगगाडी, खिशातला तुकडा, भाऊ. मग म्हणाली, हा पाव जिने केला तीही सात वर्षांची असताना हेच खात होती, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या दुष्काळात. परदेशी धान्याची फुटकी भाकरी, खडी फोडणारी आई, अंगणात फेकलेला तुकडा. तिने सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. डायरेक्टर खाली बघत होते. हॉलमधल्या काही लोकांनी ठेवलेले काप पुन्हा उचलले, बऱ्याच जणांनी नाही उचलले.

यतीनला इंग्रजी उत्तम येत होतं. त्यामुळे स्वतःच्या आईची भूक त्याला साठ परक्या माणसांत, माइकवरून, शब्द न् शब्द कळली. तो टोपली हातात धरून तसाच उभा राहिला.

"खरं आहे हे?" त्याने विचारलं.

"मग काय ती मनाचं सांगतेय?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू खात असायचास," बाई म्हणाल्या. "खाणाऱ्याला कशाला सांगायचं?"

यतीनने टोपली जमिनीवर ठेवली. नोमानच्या रिकाम्या खुर्चीत बसला, ताटली पुढे ओढली आणि काळा काप उचलून मोठा घास घेतला. सिंककडे धावायला या वेळी जागा नव्हती. घास गालात फिरायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. त्याने हात पुढे केला, लहानपणी करायचा तसा.

"आई, पाणी दे."

पाण्याचा जग बाईंच्या हाताशीच होता. जेवणाऱ्याला पाणी नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी जग उचलला आणि शेजारच्या टेबलावर, यतीनचा हात पोचणार नाही असा ठेवला.

"तेव्हा पाणीही नव्हतं, बाळा," त्या म्हणाल्या. "चाव सावकाश. उतरतं."

यतीनने मान डोलावली. घास उतरायला बराच वेळ लागला, आणि तो उतरल्यावर त्याने उरलेला काप उचलला. बाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि ताटली रिकामी होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.